सैनिकाचे कागद : प्रस्तावना

जवान लष्करातून सुटतो तेव्हा त्याच्या हाती एक छोटे पुस्तक येते. गावात त्याला डिस्चार्ज बुक म्हणतात. नंबर, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, अंगावरची खूण, पदके, चारित्र्याचा शेरा, बायकोमुलांची नावे आणि सुटण्याचे कारण, एवढे सारे त्यात असते. बहुतेक घरांत ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ट्रंकेत ठेवलेले असते. कॅन्टीनचे कार्ड काढायचे असले किंवा मुलाचा अर्ज माजी सैनिकाच्या कोट्यातून भरायचा असला की ते बाहेर निघते, त्याची झेरॉक्स होते आणि ते परत ट्रंकेत जाते. वाचत मात्र कोणी नाही. ही मार्गदर्शिका ते वाचायला शिकवण्यासाठी लिहिली आहे. ती माजी सैनिकांसाठी आहे, आणि त्याहून अधिक त्यांना मदत करणाऱ्यांसाठी: निवृत्त सुभेदार, ग्रामपंचायतीचा लिपिक, शाळामास्तर, सून, नातू, जो कोणी संध्याकाळी ओट्यावर बसून आबांचे कागद चाळायला तयार आहे त्याच्यासाठी.

डिस्चार्ज बुकातली सुटण्याच्या कारणाची ओळ आधी पाहा. १९५४ च्या लष्कर नियमांतला तेरावा नियम जवानाला कोणकोणत्या कारणांनी घरी पाठवता येते ते सांगतो, आणि त्याच्याच पोटकलमाचा आकडा त्या ओळीत असतो. भरतीच्या अटी पूर्ण झाल्या म्हणून, वैद्यकीयदृष्ट्या पुढील सेवेस अपात्र ठरला म्हणून, स्वतःच्या विनंतीवरून, किंवा इतर कारणांनी. कंसातले रोमन आकडे एवढाच तो फरक, पण त्यावर माणसाच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब ठरतो. जवानाला सेवेचे निवृत्तिवेतन मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे १५ वर्षे नोकरी लागते. नऊ वर्षांनी घरी आलेला माणूस म्हणूनच मान खाली घालून सांगतो, ‘मला पेन्शन बसत नाही, माझी पंधरा भरली नाहीत.’ तो बोर्डआऊट होऊन, म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवल्यामुळे, आला असेल आणि त्याचे दुखणे सेवेमुळे जडलेले असेल, तर अपंगत्व निवृत्तिवेतनाला पंधरा वर्षांची अट लागूच होत नाही. हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पुस्तकात ते कारण छापलेले आहे, नियम कोणालाही वाचता येतो, आणि दोन्हींच्या मध्ये तो माणूस तीस वर्षे कोणाच्या तरी दारात रखवालदारी करतो. या मार्गदर्शिकेची सारी धडपड त्या मधल्या अंतरासाठी आहे.

आपल्या देशात सक्तीची लष्करभरती नाही. तरीही माण-खटावच्या, जत-आटपाडीच्या मुलाने स्वखुशीने शिपाईगिरी पत्करली असे म्हणताना मला अडखळायला होते. भरतीच्या मैदानावर पहाटे धावणाऱ्या मुलाच्या मागे कोरडी विहीर आणि दोन एकर जिरायत असते. सातारा जिल्ह्यात ‘मिलिटरी अपशिंगे’ या नावानेच एक गाव ओळखले जाते. तिथल्या घराघरांतून पिढ्यान् पिढ्या माणसे पलटणीत गेली. सातारा भागात आणि कोकणात कित्येक ठिकाणी पहिल्या महायुद्धाचे स्मृतिलेख आहेत: या गावातून इतके गेले, त्यांतले इतके कामी आले. जे परत आले त्यांचे पुढे काय झाले, हे त्या दगडांवर नाही. सैनिकांच्या कल्याणासाठी मंडळे नेमण्याची पद्धत त्याच महायुद्धाच्या सुमारास सुरू झाली. आज जिल्ह्याच्या गावी जे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असते, ज्याला जुनी माणसे अजून ‘सैनिक बोर्ड’ म्हणतात, त्याचे मूळ तिथे सापडते. या कार्यालयांत मनापासून काम करणारे अधिकारी मी पाहिले आहेत. पण तालुक्याच्या टोकाच्या वाडीतून जिल्ह्याच्या गावी जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते आणि एसटीचे भाडे वर. आणि तिथे पोचल्यावर नेमके काय विचारायचे हेच ठाऊक नसेल, तर समोरचा अधिकारी कितीही भला असला तरी उत्तर अपुरेच मिळणार.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकरा यांच्या खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा तो निकाल. केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, म्हातारपणी माणसाला सन्मानाने जगता यावे यासाठी आहे, आणि मालकाच्या लहरीवर अवलंबून नाही, असा त्याचा आशय. नाकरा स्वतः मुलकी अधिकारी होते, पण त्या खटल्यात सैन्यातून निवृत्त झालेल्यांचीही बाजू होती आणि निकालाचा लाभ दोघांनाही झाला. १७ डिसेंबर हा दिवस देशभरचे निवृत्तिवेतनधारक आजही पाळतात. हे मुद्दाम सांगतो, कारण गावाकडचा माजी सैनिक कचेरीत जाताना अजूनही हात जोडून जातो. आपले आहे ते मागायला आलो आहोत, असा त्याचा पवित्रा नसतो. मदत करणाऱ्याने आधी स्वतःच्या बोलण्यातून ‘काही मिळतंय का बघू’ हे वाक्य काढून टाकावे.

आता अपंगत्वाविषयी सविस्तर सांगतो. सर्वांत जास्त हक्क इथेच बुडतात.

जवान सुटण्याआधी त्याची तपासणी होते. ती करणाऱ्या मंडळाला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात, आणि आजारामुळे मुदतीआधी सुटणाऱ्यासाठी इनव्हॅलिडिंग बोर्ड असतो. हे डॉक्टर दोन गोष्टी ठरवतात: अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही नाही’ असे आले की दावा तिथेच थांबतो. वर्षानुवर्षे हजारो जवानांच्या कागदांवर हा शेरा बसला. रक्तदाब? घराण्यातला असेल. मानसिक आजार? जन्मजात असेल. फिट येते? सेवेचा काय संबंध? जवान सही करतो, ट्रंक उचलतो आणि गाडी पकडतो.

धरमवीर सिंह नावाच्या शिपायाची हीच गोष्ट होती. १९८५ साली तो सिग्नल कोअरमध्ये भरती झाला. नऊ वर्षांनी, १९९४ साली, अपस्माराचे झटके येतात म्हणून त्याला घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के धरले, पण सेवेशी संबंध नाही म्हणून निवृत्तिवेतन नाकारले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे साधे होते: भरतीच्या वेळी तुम्हीच या माणसाला तपासून धडधाकट म्हणून घेतले. त्या वेळच्या कागदात या आजाराची नोंद नाही. मग नंतर जडलेला आजार सेवेतून आला असेच धरावे लागेल. तसे नाही असे ज्याला म्हणायचे आहे त्याने ते कारणांसह सिद्ध करावे, आणि शंकेचा फायदा सैनिकाला मिळावा. यात न्यायालयाने नवे काही निर्माण केले नाही. १९८२ च्या पात्रता नियमांत हे सारे आधीच होते. एकतीस वर्षे नियम होता आणि शिपाई हरत होता, कारण त्याच्या बाजूने तो नियम मोठ्याने वाचणारे कोणी नव्हते.

म्हणून बोर्डआऊट झालेल्या माणसाच्या घरी गेल्यावर दोन कागद शोधावेत. भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल आणि सुटतानाच्या बोर्डाचा अहवाल. दुसऱ्याला लष्करात फॉर्मच्या क्रमांकावरून एएफएमएसएफ-१६ म्हणतात. घरी नसले तर रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा, उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली मागावेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला. बोर्डाचा अहवाल हाती आला की ‘सेवेशी संबंध नाही’ या शेऱ्यापुढे कारण लिहिले आहे का ते पाहावे. अनेकदा तिथे एकच ओळ असते आणि ती कारण नसते, शेराच वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहिलेला असतो.

टक्क्यांचेही तसेच. बोर्डाने ३० टक्के लिहिले असतील तर ते प्रत्यक्ष देताना ५० धरायचे, ५० ते ७५ च्या मधले ७५ आणि त्यापुढचे १०० धरायचे, अशी पद्धत पाचव्या वेतन आयोगानंतर आली. आधी ती फक्त मुदतीआधी आजारामुळे काढलेल्यांना मिळे. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार खटल्याच्या निकालाने मुदत भरून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांनाही ती मिळाली. रुपयांत पाहू. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम मिळते. शेवटचा पगार ४०,००० धरला तर पूर्ण अपंगत्वाचे १२,०००, तीस टक्क्यांचे ३,६००, आणि तीसचे पन्नास धरले की ६,०००. महिन्याला २,४०० रुपयांचा फरक, वरचा महागाई भत्ता वेगळा. कोरडवाहू गावातल्या म्हाताऱ्या नवराबायकोचा औषधपाण्याचा खर्च त्यात भागतो. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र नवे पात्रता नियम आले, त्यांत शब्दही बदलले आणि देण्याचे प्रमाणही. कोणता माणूस कोणत्या तारखेला सुटला हे पाहिल्याशिवाय त्याला कोणताही आकडा सांगू नये. मार्गदर्शिकेत तारखांवर इतका भर का, हा प्रश्न वाचकाला पडेल. त्याचे उत्तर हेच.

महालेखापरीक्षकांनी २०२३ साली एक अहवाल दिला. २०१५-१६ पासूनच्या पाच वर्षांत निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांच्या आसपास अपंगत्व निवृत्तिवेतन घेत होते, तर जवान आणि इतर हुद्द्यांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के होते, असे त्यात नोंदवले आहे. वर्तमानपत्रांतून यावर बरीच चर्चा झाली, तिचा सूर अधिकारी गैरफायदा घेतात असा होता. अधिकारी जास्त वयापर्यंत नोकरी करतात, तेव्हा रक्तदाब-मधुमेह त्यांच्यात जास्त असणार, हे खरे. काही दावे फुगवलेले असतील, तेही खरे. पण मला त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. उणे तीस अंशांत पहारा जवान देतो, ओझे तो उचलतो, खंदक तो खणतो. त्याचे गुडघे आणि कान कमी झिजतात असे कोणी म्हणणार नाही. मग प्रमाण निम्मे का? अधिकाऱ्याला बोर्डापुढे काय सांगायचे आणि काय लिहून घ्यायचे ते ठाऊक असते. जवान डॉक्टरसाहेबांना ‘काही त्रास नाही साहेब’ म्हणतो, कारण वीस वर्षे त्याला हेच म्हणायला शिकवलेले असते.

सगळेच दावे खरे नसतात हेही मदत करणाऱ्याने मनाशी पक्के धरावे. सुट्टीवर येताना किंवा परत जाताना प्रवासात अपघात झाला तर तो कर्तव्यावर असल्यासारखा धरला जातो. पण सुट्टीत गावी, यात्रेच्या दिवशी मित्राच्या मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, तर त्या मोडलेल्या पायाचा सेवेशी धागा दाखवणे फार अवघड आहे. अशा माणसाला पहिल्याच बैठकीत खरे सांगावे. खोटी आशा लावून त्याला मुंबईच्या लष्करी न्यायाधिकरणापर्यंत नेणे ही मदत नव्हे. २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण स्थापन झाले आणि २००९ पासून त्याचे काम सुरू आहे. साध्या शिपायाला उच्च न्यायालयाची पायरी न चढता दाद मागता यावी म्हणून ते आहे. तिथे जाण्याआधी खात्यातले पहिले आणि दुसरे अपील करायचे असते, त्यांच्या मुदती असतात. मुदत टळली म्हणून दार कायमचे बंद होत नाही, कारण निवृत्तिवेतन दर महिन्याला देय होते आणि दर महिन्याला नाकारले जाते. पण तरसेम सिंह खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा घालून दिली: उशिरा आलेल्याला थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच. पंचवीस वर्षे गप्प बसलेल्या माणसाची बावीस वर्षांची रक्कम यात जाते. आणि उशिराचा दुसरा तोटा याहून मोठा आहे. निवृत्तिवेतन न मिळालेल्या जवानाचे कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करते. त्यानंतर ट्रंकेतले पुस्तक हाच एकमेव पुरावा उरतो.

सैनिकाच्या बायकोबद्दल सर्वांत जास्त लिहायचे आहे.

महाराष्ट्रात मुलीचे लग्न झाले की तिचे नाव बदलते. आडनाव तर बदलतेच, बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, आणि कित्येक घरांत पहिले नावही. माहेरची हौसाबाई सासरी सुमन होते. नवरा मे महिन्यात सुट्टीवर येतो, लग्न करतो, पलटणीत परतल्यावर लग्नाची नोंद करायला सांगतो. ही नोंद पार्ट टू ऑर्डर या पलटणीच्या नोंद-आदेशात होते. लिपिक विचारतो, बायकोचे नाव काय? जवान जे सांगतो ते लिहिले जाते, जे लिहिले जाते ते इंग्रजीत, आणि त्याचे स्पेलिंग लिपिकाच्या कानावर अवलंबून. लिपिक तमिळ असेल, पंजाबी असेल. जन्मतारीख ठाऊक नसते, म्हणून अंदाजे वर्ष किंवा रिकामी जागा. चाळीस वर्षांनी नवरा जातो. आधारवर सुमन, बँकेत सुमनबाई, निवृत्तिवेतनाच्या आदेशात हौसाबाई, मतदारयादीत आणखी काही. जन्मतारीख आधारवर १ जून. आपल्या मागच्या पिढीतल्या निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती लिहिली. आजींनी तर शाळाच पाहिलेली नसते. आता या तिघी-चौघी एकच बाई आहेत हे तिने सिद्ध करायचे.

असे विधवेचे कागद ज्याने जुळवले आहेत त्याला ठाऊक आहे की यात गुंतागुंतीचे काही नसते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नावबदलाची नोंद जिथे लागेल तिथे, सरपंच आणि तहसील पातळीवरचे दाखले, आणि रेकॉर्ड ऑफिसकडून दुरुस्त आदेश. अवघड असते ते ही पळापळ दुखवट्याच्या दिवसांत करणे, आणि तेही ज्या बाईने कधी एकटीने बँकेची पायरी चढलेली नाही तिने. म्हणूनच जिथे नवरा हयात आहे अशा प्रत्येक घरात हे काम आजच करावे. काकांना सांगावे, काकूंचे नाव तुमच्या पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या आदेशात, कसे लिहिले आहे ते दाखवा. ते रागावतील, ‘मला मारायला निघालास का’ म्हणतील. तरी करावे. निवृत्तिवेतनाचे काम आता स्पर्श या संगणक-प्रणालीवर गेले आहे. त्यामुळे पूर्वी बँकेतला ओळखीचा साहेब जे चालवून घेत असे ते संगणक चालवून घेत नाही. एका अक्षराच्या फरकाने पैसे अडतात.

जन्मतारखेची रिकामी जागा आणखी एका कारणाने महाग पडते. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की निवृत्तिवेतन आणि कुटुंब निवृत्तिवेतन दोन्हींत २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला दुप्पट. ज्या आजीची जन्मतारीख आदेशात नाही तिची ऐंशी वर्षे यंत्राला कळतच नाहीत. ती नव्वदीची होते आणि पहिल्या वर्षाएवढेच मूळ वेतन घेत राहते. अशा बायका गावोगाव आहेत.

दुसरी नोकरी केलेल्या जवानांच्या विधवांचा प्रश्न याहून कमी लोकांना माहीत आहे. पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनीत आलेला जवान पस्तिशीत असतो. तो पोलिसात जातो, एखाद्या सरकारी खात्यात शिपाई किंवा चालक होतो, आणि तिथूनही निवृत्त होतो. पूर्वी त्याच्यामागे बायकोला दोन्हींपैकी एकच कुटुंब निवृत्तिवेतन निवडावे लागे. २४ सप्टेंबर २०१२ पासून लष्कराचे आणि मुलकी नोकरीचे अशी दोन्ही घेता येतात. त्याआधी नवरा गेलेल्यांनाही त्या तारखेपासूनचा लाभ आहे. ज्यांनी दोनांतले एक पूर्वीच निवडले, त्यांतल्या अनेकींनी दुसऱ्याची फाईल पुन्हा उघडलीच नाही. आणि घरात जन्मापासून किंवा लहानपणापासून दिव्यांग मूल असेल तर त्याला आईबापांमागे आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव आईबाप जिवंत असतानाच आदेशात घालून घेता येते. हे एक काम झाले तर त्या आईला रात्री झोप लागते. या मार्गदर्शिकेतले दुसरे काही नाही जमले तरी चालेल, एवढे जरूर करा.

हयातीच्या दाखल्याविषयी थोडक्यात. २०१४ पासून जीवन प्रमाण ही डिजिटल सोय आहे. खुरपणी-भांगलणीत झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्र घेत नाही. तिथे हात पुन्हा पुन्हा दाबत बसू नये, २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आहे आणि ती मोबाइलवर घरबसल्या होते.

जुन्या पिढीत आणखी एक वर्ग आहे, ना पूर्ण पेन्शनीतला ना बाहेरचा. साठ-सत्तरच्या दशकांत भरती झालेल्यांना काही वर्षे प्रत्यक्ष सेवा आणि काही वर्षे राखीव दलात अशा अटी होत्या. दोन्ही मिळून पंधरा वर्षे भरली तर रिझर्व्हिस्टचे निवृत्तिवेतन. कित्येकांना राखीव दलात न पाठवता सरळ घरी पाठवले गेले आणि त्यांच्या हाती काहीच आले नाही. १९६५ आणि १९७१ पाहिलेली ही माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. ज्यांना कायद्याने निवृत्तिवेतन बसत नाही अशा हवालदार हुद्द्यापर्यंतच्या ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांसाठी केंद्रीय सैनिक मंडळाचे मासिक अनुदान आहे. २०२५ च्या अखेरीस ते दुप्पट होऊन ८,००० रुपये झाले. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनच जातो. अर्ज करणाऱ्याच्या गावात पाच जण पात्र असतील तर पाचही अर्ज एका खेपेस न्यावेत.

ज्या देशांत सक्तीची भरती होती तिथे कागदांचा आणि हक्कांचा हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला आणि त्यांनी त्यासाठी माणसे नेमली. अमेरिकेत १९७३ पर्यंत तरुणांना कायद्याने लष्करात ओढले जाई. त्याच वर्षी १२ जुलैला सेंट लुइसजवळच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या भूदल सैनिकांचे सुमारे ८० टक्के कागद त्यात गेले. दुसऱ्या महायुद्धात आणि कोरियात पाठवलेल्या सक्तीच्या शिपायांपैकी अनेकांकडे पुरावाच उरला नाही. मग पगाराच्या नोंदी, इस्पितळांच्या वह्या, घरी लिहिलेली पत्रे आणि सोबत्यांचे लेखी जबाब यांतून सेवा पुन्हा उभी करण्याची रीत पडली. व्हिएतनाममध्ये फवारलेल्या एजंट ऑरेंज या तणनाशकामुळे झालेल्या आजारांबाबत १९९१ चा कायदा म्हणाला की तिथे सेवा केलेल्याला ठरावीक रोग झाले तर ते सेवेमुळेच धरावेत. धरमवीर सिंहच्या निकालाच्या जवळ जाणारा हा विचार. आपण त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे अनेक परगण्यांत माजी सैनिकांचे अर्ज विनामूल्य भरून देणारा सेवा-अधिकारी असतो, आणि पहिला दावा तयार करून देण्याचे पैसे घ्यायला कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडे ती जागा एजंट भरून काढतो. थकबाकीतला तिसरा हिस्सा, कोरा चेक, एटीएमचे कार्ड आणि पिन त्याच्याकडे. माजी सैनिकांच्या मेळाव्यांत असे लोक पत्रके वाटताना दिसतात. जो खात्रीने मिळवून देतो म्हणतो त्याच्याकडे मूळ डिस्चार्ज बुक कधीही देऊ नये. मूळ कागद घरातून बाहेर जायचा तो फक्त माजी सैनिकाच्या किंवा त्याच्या वारसाच्या हातात. सोबत्यांच्या जबाबाची रीत मात्र आपण जरूर उचलावी. एकाच तुकडीत असलेले, एकाच बर्फात राहिलेले दोन-तीन जण बहुधा आसपासच्या तालुक्यांत असतात. त्यांच्या आठवणी ते आहेत तोवर तारखांसह लिहून, सही-अंगठ्यासह ठेवाव्यात.

मदत करणाऱ्याला कायदा येणे आवश्यक नाही. पत्राची प्रत ठेवणे, पोच घेणे, तारीख लिहिणे आणि पुढची तारीख विसरू न देणे, एवढे जमले की पुष्कळ होते. आबांशी बोलताना घाई करू नये. ते आधी पलटणीची गोष्ट सांगतील, कारगिलची सांगतील, श्रीलंकेची सांगतील. ऐकून घ्यावी. ‘त्या रात्री स्फोट झाला, तेव्हापासून हा कान गेला’ असे वाक्य त्या गोष्टीतच कुठेतरी येते, आणि अर्जात लिहायचे असते ते नेमके तेच. मानसिक त्रासाबद्दल तर कोणीच आपण होऊन बोलत नाही. घरच्या बायकांना वेगळे विचारावे लागते: झोपेत ओरडतात का, दिवाळीत फटाक्यांना घाबरतात का, दारू कधीपासून.

ही मार्गदर्शिका आता काढण्याला एक निकडीचे कारण आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून भरत जाईल आणि चारांतला जास्तीत जास्त एक जण कायम केला जाईल. बाकीची मुले तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी गावी परततील. या योजनेविषयी माझे मत कडवट आहे, पण ते मांडण्याची ही जागा नव्हे. इथे महत्त्वाचे हे की सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी अग्निवीराला ५०, ७५ किंवा १०० टक्क्यांच्या टप्प्यांनुसार १५, २५ किंवा ४४ लाखांची एकरकमी भरपाई आहे. मासिक अपंगत्व वेतन नसल्याने हा एकदाचा निर्णय फार मोलाचा आहे. टक्क्यांचा एक टप्पा इकडे की तिकडे, यावर लाखोंचा फरक ठरतो. चार वर्षांत झालेली प्रत्येक जखम, इस्पितळातला प्रत्येक मुक्काम, दुखापतीच्या चौकशीचा प्रत्येक अहवाल याची प्रत त्या मुलाने सुटण्याआधी घ्यायला हवी. नंतर मागणे शक्य असते, पण तेव्हा तो पुण्यात किंवा सुरतेत सुरक्षारक्षकाच्या बारा तासांच्या पाळीत असेल. कोणते कागद मागायचे, कोणत्या नावाने आणि कोणाकडे, याची यादी मागच्या बाजूला वेगळ्या पानावर छापली आहे. पान फाडून घेता येते. ज्यांचा मुलगा किंवा भाचा अजून पलटणीत आहे त्यांनी त्या पानाचा फोटो काढून आजच त्याला मोबाइलवर पाठवावा.